पिवळं सांगितलेलं फूल

बायको जायच्या आठ दिवस आधी मी तिला दवाखान्यात सांगितलं, की तुझ्या झाडाला फूल आलं. पिवळं आलं. हे खोटं होतं. मी झाडाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

तेरवीच्या पंगतीत माझ्या लेकीनं सगळ्या सोयऱ्यांना सांगितलं, की आईनं जायच्या आधी आपल्या फुलाची खबर ऐकली, समाधानानं गेली. सोयरे माझ्याकडे पाहून माना हलवत होते. एक म्हातारी म्हणाली, "असा नवरा भेटाले नशीब लागते बाप्पा." मी खाली मान घालून वरणभात कालवत राहिलो.

झाडांचं आधी सांगतो, नाहीतर बाकीचं समजायचं नाही.

मी कोराडीला वीज केंद्रात फिटर होतो. शाळा सातवीपर्यंत. कॉलनीत क्वार्टर होतं. आमच्या वरच्या मजल्यावर ठेकेदाराकडच्या एका इंजिनिअरचं बिऱ्हाड होतं, तिकडच्या ईशान्येच्या डोंगरातलं. त्या बाईच्या बाल्कनीत एक फूल मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते फूल वाटलंच नाही. खालची पाकळी पुढून बंद, पिशवीसारखी, जशी मोजडीची चोच. वर एक पाकळी उभी, फणा काढल्यासारखी. दोन्ही बाजूंनी दोन लांब पाकळ्या, त्यांच्या काठाला बारीक केस अन् काळे तीळ.

मी म्हटलं, "हे कसलं फूल वं? याले त मिशा आहेत."

बायको म्हणाली, "तुमच्यापेक्षा बऱ्या आहेत."

तेव्हापासून आमच्या घरात त्या झाडाचं नाव मोजडी पडलं.

माझ्या रिटायरमेंटच्या वर्षीच वरच्या लोकांचं काम संपलं, ते निघाले. जाताना त्या बाईनं बायकोला सहा रोपं दिली, बोटाएवढी. एकाच शेंगेतल्या बियांची. एका हिरव्या-पांढऱ्या फुलाचा अन् एका गडद, जांभळासारख्या फुलाचा संकर करून ती शेंग धरली होती म्हणे. कोणी आईवर जाईल, कोणी बापावर, कोणी अधलंमधलं. फूल आल्याशिवाय कळायचं नाही, अन् पहिलं फूल यायला चार-पाच वर्षं. बायको जमिनीवर बसून हे सगळं ऐकत होती, परीक्षेला बसल्यासारखी. मी तिथंच होतो, पण त्यांच्या सामानाच्या पेट्यांना सुतळी बांधत होतो. माझं लक्ष सुतळीत.

आम्ही नागपुरात मानकापूरकडे दोन खोल्यांचं घर घेतलं होतं. सगळं सामान टेम्पोत गेलं, ती मात्र सहा कुंड्या मांडीवर घेऊन ऑटोत बसली. मागच्या बोळीतली न्हाणीजवळची खिडकी उत्तरेला आहे, तिथं ऊन येत नाही. तिथं फळी ठोकून दिली मी. एवढं केलं. मातीत ही झाडं जगत नाहीत, त्यांना कोळसा अन् लाकडाची साल लागते, असं तिनं सांगितलं तेव्हा मी कोराडीच्या एका ड्रायव्हरकडून पिशवीभर दगडी कोळसा आणला. तिनं पिशवीत हात घातला अन् हसतच सुटली. "अवो, झाड लावाचं आहे, बॉयलर नाही पेटवाचा!" मग आम्ही दोघं लकडगंजला लाकडाच्या टालीवर गेलो, सालीचे तुकडे वेचून आणले. लाकडी कोळसा इस्त्रीवाल्याकडून.

सहा कुंड्यांत तिनं आइस्क्रीमच्या काड्या खोचल्या, एक ते सहा आकडे घालून. पावसाचं पाणी छताच्या पन्हाळीतून निळ्या ड्रममध्ये धरायची, तोंडाला लुगड्याचं फडकं बांधायची. नळाचं पाणी, बोअरचं पाणी या झाडांना चालत नाही, क्षारानं मुळं जळतात. "हे पाणी मोजड्यांचं आहे," ती सांगायची, "याले हात लावू नका." उन्हाळ्यात खिडकीला ओलं पोतं. रोज पानं पुसायची, पान उलटं करून खालून पाहायची. एकदा मला हाक मारली. "या इकडे, चौथ्याचं पान खालून पाहा, कसं जांभळं आहे. हे गडद येईन पाहा. दुसऱ्याचं खालून साफ हिरवं आहे, ते आईवर जाईन."

मी बाहेर पेपर वाचत होतो. "येईन तेव्हा पाहू," म्हटलं. उठलो नाही.

चार वर्षं असं चाललं. पाचव्या वर्षी होळीनंतर तिच्या पोटात पाणी भरायला लागलं. दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी लेकीला बाजूला नेऊन सांगितलं, मला नाही सांगितलं. मला कळलं ते लेकीच्या तोंडावरून. लेक अमरावतीला दिलेली, ती आपलं घर जावयाच्या भरवशावर टाकून आली अन् दवाखान्यातच राहिली.

आता खरं सांगायचं ते इथून.

मला तिथं बसवत नव्हतं. त्या खोलीतला वास, नळ्या, तिचे हातपाय काडीसारखे अन् पोट तेवढं मोठं. मी सकाळी जायचो अन् दुपार झाली की माझी चुळबूळ सुरू व्हायची. तिनंच एका दिवशी म्हटलं, "जा, माझ्या झाडांले पाणी घाला." मी असा उठलो, जसा शाळेची घंटा झाल्यावर पोरगा उठते. दुसऱ्या दिवसापासून मीच म्हणायला लागलो, "निघतो, झाडांचं पाणी राहिलं आहे." लेक मान हलवायची. ती आईचे पाय दाबत असायची.

घराजवळच्या मंदिराच्या सभामंडपात दुपारी मोठा कूलर लावते. आमच्यासारखे सात-आठ रिटायर लोक तिथं पत्ते खेळते. मी दवाखान्यातून थेट तिथं जायचो. सात-साडेसातपर्यंत पत्ते. कोणी विचारलं, वहिनीची तब्येत कशी, तर म्हणायचो, चालू आहे इलाज. अन् पान टाकायचो.

लोक म्हणतील, घाबरला असेल म्हातारा. घाबरलोच होतो. मग लेक घाबरली नव्हती का? तिची त आई होती.

पाण्याचं सांगतो. त्या वर्षी मे महिन्यात आमच्याकडे नळ कसाबसा तासभर यायचा, अन् मी त्या वेळी घरी नसायचो. रात्री कूलर कोरडा चालला तर गरम वारा फेकते, झोप येत नाही. तेव्हा मी ड्रमचं फडकं सोडलं अन् तिचं पावसाचं पाणी कूलरमध्ये ओतलं. रोज दोन-तीन बादल्या. ड्रम संपल्यावर शेजारच्या बोअरचं. सकाळी कूलरच्या टाकीत जे खाली उरायचं, पिवळट, खारं, गवताच्या काड्या अन् पांढरी पापडी असलेलं, ते झाडांना घालायचो. नागपुरात कूलरचं उरलेलं पाणी कोणी फेकत नाही, सगळे झाडालाच घालते. तुळशीला, पेरूला चालून जाते. पण तिनं सांगितलं होतं. बोळीत अंधार असायचा. मी न्हाणीच्या दारातूनच मगानं पाणी मारायचो, फळीपर्यंत जायचो नाही. पडलं की झालं.

असे दीड-दोन महिने. त्यात एकदाही मी जवळ जाऊन पाहिलं नाही.

तो दिवस. आदल्या संध्याकाळी डाव रंगला होता अन् मी सकाळीही पाणी न घालता निघालो होतो. दवाखान्याच्या रस्त्यावर बहावा फुलला होता, झाडंच्या झाडं पिवळी. बायको जागी होती, आवाज खोल गेलेला.

"पाणी घातलं का?"

"हाव."

"कळी दिसते का कुठी?"

रोज एवढंच विचारायची. रोज मी "नाही अजून" म्हणायचो. त्या दिवशी लेक माझ्याकडे पाहून राहिली होती, अन् मला वाटलं हिला समजलं, की बाबा झाडाकडे पाहत नाहीत. ते झाकायसाठी मी बोललो. बायकोला बरं वाटावं म्हणून नाही. मला लपायचं होतं म्हणून.

"कळी काय, फूल आलं."

"कोणत्याले?"

"चौथ्याले."

"रंग?"

"पिवळा."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "हळदीवानी का लिंबावानी?"

"हळदीवानी."

"मिशा आहेत?"

"आहेत."

"तुमच्यावानी पांढऱ्या?" अन् हसली. हसताना दम लागला तिला. सलाईन बदलायला सिस्टर आली, तर तिला म्हणते, "सिस्टर, आमच्या घरी पिवळं फूल आलं. यायनं पाहिलं." लेकीच्या डोळ्यात पाणी. तिनं आईला विचारलं, "खरंच पिवळं आई?" तर म्हणाली, "हाव. बाबा सांगून राहिले ना तुझे."

त्यानंतर ती फारसं बोलली नाही. आठ दिवसांत गेली.

त्या दिवसांत लेकीनं फूल दाखवा म्हटलं, तर 'गळून गेलं' म्हणून सांगितलं मी. तेरवी झाली, लेक-जावई गेले. घर रिकामं झालं तेव्हा मी पहिल्यांदा फळीजवळ गेलो, हातात टॉर्च. एक अन् सहा नंबर कुजून आडवे झाले होते. बाकीच्यांच्या पानांची टोकं काळी. चौथ्या कुंडीत मधून वीतभर दांडा निघाला होता, सुकलेला. दांड्याच्या टोकाला काही नव्हतं. मी शोधलं. खिडकीच्या गजात, कुंडीच्या मागं, ते पडलेलं होतं. फूल. उजेडाकडे तोंड करून आलं असेल, खिडकीकडे, म्हणून दारातून दिसलं नाही. तंबाखूच्या पानासारखं तपकिरी झालं होतं, कुरकुरीत. मोजडीची चोच मात्र तशीच शाबूत.

म्हणजे मी खोटं बोललो तेव्हा फूल खरंच होतं. घरात होतं. मी दहा पावलं गेलो असतो, तर खरं सांगता आलं असतं.

मी ते वाटीत पाण्यात भिजवलं. वाटलं, भिजल्यावर रंग सुटेल. पाणी चहासारखं झालं, फूल लगदा झालं. खिडकीसमोर नेऊन पाहिलं, चष्मा लावून पाहिलं. काही कळलं नाही.

बायकोच्या मोबाइलमध्ये त्या वरच्या बाईचा नंबर होता. वाचलेल्या चार झाडांना काय करू, हे विचारायला मी फोन लावला. बायकोचं ऐकून ती रडली. मग सांगितलं, कुजलेलं सगळं काढा, मुळं धुवा, साल बदला, पावसाचं पाणी साठवा. मी फोन ठेवता ठेवता विचारलं, या रोपांना पिवळं फूल येऊ शकतं का.

ती म्हणाली, "नहीं भाईसाहब, इनमें पीला नहीं आता. या तो हरा-सफेद, या गुलाबी-सा, या एकदम गहरा. भाभीजी को पता था, मैंने पहले दिन ही बताया था. चार नंबर का तो पत्ता ही बैंगनी है."

मी फोन ठेवला अन् न्हाणीच्या उंबऱ्यावर बसलो.

तिला माहीत होतं. मी 'पिवळं' म्हटलं त्याच क्षणी तिला कळलं असेल. अन् तिनं काय केलं, तर हळदीसारखं का लिंबासारखं, हे विचारलं. मला उत्तर सोपं करून दिलं. लेकीसमोर माझं झाकलं, सिस्टरला सांगितलं. ज्या बाईला पाण्याचा घोट गिळायला त्रास होत होता, तिनं आपला दम माझी लाज झाकायला वापरला.

त्यानंतर मी पत्ते सोडले. हे काही मोठेपणानं सांगत नाही. मंदिरात गेलं की डावात लक्ष राहायचं नाही, चुकीचं पान पडायचं, मग कोण खेळायला घेते? पाऊस आला तसा ड्रम भरला. तिच्यासारखी रोज पानं पुसायला लागलो. माझे हात फिटरचे, जाड. दोन पानं मोडलीसुद्धा. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, चारही झाडांना हळूहळू बाजूनं नवे फुटवे निघाले. ज्या फुटव्याला एकदा फूल आलं त्याला पुन्हा येत नाही, नव्या फुटव्यालाच येतं. तेव्हा चौथ्याचा नवा फुटवा मोठा होईपर्यंत थांबणं आलं.

लेक दर रविवारी फोन करायची. औषधं, दूध, कामवाली, अन् शेवटी, "बाबा, आईचं पिवळं आलं का हो पुन्हा?" मी म्हणायचो, "अजून नाही." एकदा म्हणाली, "त्या वेळी फोटो काढला असता त किती बरं झालं असतं." मी म्हटलं, "मोबाइल चार्ज नव्हता." एका खोट्याला दुसरं जोडत गेलो, पाइपाला पाइप जोडतो तसं.

वर्षश्राद्धाच्या महिनाभर आधी दुसऱ्या नंबरला कळी आली. मी रोज तिच्यासमोर स्टूल टाकून बसायचो. उमलली तेव्हा वरचा फणा पांढरा, त्यावर हिरव्या उभ्या रेघा, मोजडी पोपटी. कैरीच्या सालीसारखी. बायको म्हणाली होती तसंच, आईवर गेलेलं. फूल टिकून राहिलं. लेक-जावई आले तेव्हाही ताजं होतं.

लेक आल्या आल्या चप्पल न काढता बोळीत गेली. तिथूनच ओरडली, "बाबा! आलं ना वो!" मी मागं गेलो. ती वाकून पाहत होती. "पण हे त हिरवं आहे. आईचं पिवळं होतं ना? रंग बदलते का यायचा?"

एवढा सोपा रस्ता तिनं माझ्यासमोर ठेवला होता. 'हाव, बदलते' एवढं म्हटलं की सुटलो असतो. तिची आईही असंच करायची, सोपं करून द्यायची. माझ्या तोंडात हाव आलंही होतं.

मी म्हटलं, "हे दुसरं झाड आहे. पिवळं आलंच नव्हतं. मी पाहिलंच नव्हतं."

"म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. पत्ते, ड्रम, कूलर, वाळलेलं फूल, त्या बाईचा फोन. ती ऐकत होती अन् कुंडीची कड धरून उभी होती. बैठकीत जावयाला ऐकू गेलं असेल, कारण तिकडचा टीव्ही बंद झाला.

"रोज चार वाजता," ती म्हणाली, "तुमी रोज चार वाजता झाडांच्या नावानं उठत होते."

"हाव."

"आई घड्याळ पाहे. साडेचार झाले की म्हणे, आता तुझे बाबा पाणी घालून राहिले असन."

मी दुसऱ्याची वाकलेली काडी सरळ करून खोचली.

"अन् तुमी पत्ते खेळून राहिले होते."

"हाव."

"मले काहून सांगितलं आता? तेरवीले मी साऱ्या लोकायले सांगितलं. मले येडी केली तुमी." तिचा आवाज चढला. मग एकदम खाली आला. "चौथं कोणतं?"

मी दाखवलं. तिनं पान उलटं करून पाहिलं, जसं तिची आई पाहायची. जांभळं. "हे मी नेते," ती म्हणाली. "तुमच्यापाशी नाही ठेवत."

मी म्हणणार होतो, की आता मी नीट पाहतो, पाणी पावसाचंच घालतो, हे पाहा बाकीचे किती चांगले आहेत. पण कोणत्या तोंडानं म्हणणार? ओल्या पोत्यात कुंडी बांधून मीच गाडीत ठेवून दिली. ड्रममधलं पाणी दोन कॅनमध्ये भरून दिलं. जावई माझ्या पाया पडला, ती नाही. निघायच्या आधी वर्षश्राद्धाचं पान झालं, जेवणं झाली, पण ते फूल आईच्या फोटोसमोर तोडून ठेवायचं तिनं म्हटलंच नाही. झाडावरच राहिलं.

नंतर बरेच महिने रविवारचा फोन जावयाकडून यायचा. मग तिच्याकडून यायला लागला. औषधं, दूध, कामवाली. झाडाचं ती बोलायची नाही, मी विचारायचो नाही. विचारावंसं फार वाटायचं. जिभेवर यायचं अन् मी विचारायचो, तुझ्या पोराची परीक्षा कशी झाली.

गेल्या रविवारी तिनं सगळं विचारून झाल्यावर फोन ठेवला नाही.

"चौथ्याले कळी आली," ती म्हणाली.

मी टीव्हीचा आवाज बंद केला. "रंग दिसते का?"

"टोक थोडं दिसून राहिलं."

"मंग कसा आहे? फोटो पाठवतेस का?"

"फोटो नाही पाठवत." मग म्हणाली, "सांगतही नाही. या अन् पाहा."

"उमलाले आठ-दहा दिवस लागन वं."

"मंग राहा आठ-दहा दिवस."

मी आजपर्यंत लेकीच्या सासरी एक रात्रही मुक्काम केला नाही. आमच्याकडे बाप लेकीच्या घरी चहा पिऊन उठते. तिला ते माहीत आहे. मी म्हटलं, "लोक काय म्हणतील?"

ती म्हणाली, "तुमी लोकायचं नका सांगू मले, बाबा."

खरं आहे. मी सकाळच्या एसटीचं विचारून आलो. इथल्या तीन कुंड्यांना आठ-दहा दिवस कोण पाहणार, म्हणून शेजारच्या बाईला बोळीत नेऊन फळीजवळ उभं केलं, ड्रम दाखवला, दारातून पाणी मारू नका म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "भाऊ, एवढं काय त्यात?" मी म्हटलं, "आहे." लेकीच्या घरी ते फूल माझ्यासमोर उमलेल तेव्हा ती माझ्या बाजूला उभी असेल, अन् तिच्याकडे मला पाहता येईल की नाही, ते मला माहीत नाही. पण फुलाकडे पाहणार आहे.